पाच शेअरची बोहनी

सलग बारावी आडवी रेघ मारून मारोतरावांनी पेन्सिल कानावर खोचली. गुडघा पुन्हा नाचायला लागला. टेबलावरची बशी वाजायला लागली.

"काय म्हनते तुमचा बाजार?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"इचार करून राहिला."

"बारा दिवस? पोरीच्या लग्नाले तं तुमी चार दिवसात हो म्हनलं होतं."

ब्राह्मणपाऱ्यातल्या वरच्या दोन खोल्या आणि गच्ची. सत्तावीस वर्षं हे दोघं तिथं भाड्यानं राहत होते. आता घरमालक दत्तोपंतांनी जागा विकायला काढली. "पहिला हक्क तुमचा," दत्तोपंत म्हणाले होते, "पण शनिवारपर्यंत. पंडरी बाजारातला कापडवाला दारात उभा आहे." नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून या शहरात कुबट भिंतीलाही भाव आला होता. रेल्वेच्या नोकरीतून सुटताना मिळालेला पैसा मारोतरावांनी शुभांकर इस्पात नावाच्या कंपनीत घातला होता. चार हजार शेअर. विकायचे आणि घर घ्यायचं. कधी विकायचे, एवढंच ठरत नव्हतं.

ठरलंही असतं. पण मारोतराव शेअरबाजाराच्या शिबिराला जाऊन आले होते. नागपूरचा एक कोटवाला, हॉटेलचा हॉल, दोन दिवस, समोसा, सर्टिफिकेट. अर्धं शिकवून पूर्ण पैसे घेणारी ही माणसं कुठून उगवतात कोण जाणे. त्यानं भावाच्या मेणबत्त्या शिकवल्या. सकाळी भाव उघडला आणि संध्याकाळी बंद झाला, यांच्यातलं अंतर म्हणजे मेणबत्तीचं अंग. मधल्या वेळात त्याच्या वर-खाली गेला ती वात. उघडला तिथंच बंद झाला तर अंगच नाही, नुसती रेघ. तिचं नाव डोजी. घेणारे आणि विकणारे बरोबरीत, बाजाराचं मन ठरत नाहीये. "डोजी दिसली की हात बांधून बसा. पुढची मेणबत्ती सांगेल."

मारोतराव बसले. दलालाच्या ऑफिसातून मिळणाऱ्या कागदावरचे चार भाव रोज ग्राफपेपरवर उतरवायचे. पाचवा आकडा असायचा, दिवसभरात किती शेअरची उलाढाल झाली तो. तो सोडून द्यायचे. कोटवाल्यानं चारच सांगितले होते. त्यांच्या रेघांना वर वात नव्हती, खाली नव्हती. अशी मेणबत्ती शिबिरात मिळालेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होती आणि खाली लिहिलं होतं, दुर्मीळ. झालं. छाती फुगली. अडाणी माणूस निदान कोणाला तरी विचारतो. यांच्याकडे सर्टिफिकेट होतं.

शुक्रवारी सकाळी ते नेहमीसारखे पंडरीला दलालाच्या ऑफिसात गेले. रोज बाजार उघडताच पाच शेअर घ्यायचे, ही त्यांची बोहनी. वडील गोलबाजारात भांड्यांच्या दुकानावर नोकर होते. बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय तिथं कोणी पाणी पीत नसे. मुलानं तेवढं बरोबर उचललं होतं.

"बोहनी ना काका? पाँच?" शर्मिष्ठा म्हणाली. दलालाचा कॉम्प्युटर तीच चालवायची. पोट्टी मराठी घरची, पण तोंडात हिंदीच.

"थांब. आज पहिले हे पाय. हे डोजी कधी तुटन?" त्यांनी ग्राफपेपर तिच्यासमोर पसरला.

ती खुदकन हसली. मग तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि हसू गेलं.

"काका, ये तो आप हो."

"काय मी?"

"ये लकीर. पहले और भी लेने वाले थे, सब निकल गए. अब पूरे दिन में एक ही सौदा होता है. पाँच शेयर, आपका. खुला भी आप पे, बंद भी आप पे."

तिनं स्क्रीन वळवली. विकणाऱ्यांच्या बाजूला चाळीस हजार शेअरची रांग. घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य.

"घेनारा कोनीच नाही?"

"एक है ना. रोज पाँच लेता है."

तिनं टोमणा मारला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

"मंग काहून नाही सांगितलं मले?"

"आपने पूछा कब? आते ही बोलते थे, बोहनी कर. मुझे लगा काका धीरे-धीरे जमा कर रहे हैं."

"विक. सगळे विक. जो भाव भेटन तो."

"किसको, काका?"

तरी तिनं विक्री लावली. भाव उतरवला, पुन्हा उतरवला, बाजाराच्या नियमानं दिवसाला ज्याच्या खाली जाता येत नाही तिथपर्यंत आणला. मारोतराव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत बसले. त्यांचा गुडघा पाहून शेजारचा माणूस खुर्ची सरकवून बसला. साडेतीनला बाजार बंद झाला. शून्य ते शून्यच.

रिक्षा न करता ते पायीच निघाले. चालताना निदान गुडघा गप्प राहत होता. घरी येऊन सवयीनं ग्राफपेपर उघडला. आज बोहनी नव्हती, म्हणून सौदा नव्हता, म्हणून भाव नव्हता. तेराव्या चौकटीत काढायला रेघसुद्धा नव्हती.

"आज काय म्हनते?" प्रेमलाबाई.

"काहीच नाही म्हनत. बारा दिवस मीच मले इचारून राहिलो होतो."

त्यांना सगळं समजलं नाही. जेवढं लागतं तेवढं समजलं. बशी उचलून त्या म्हणाल्या, "दत्तोपंताले या वेळी मी नाही सांगनार. तीनदा सांगून आली तुमचे बहाने."

मारोतराव जिना उतरले. दत्तोपंत ओट्यावर सुपारी कातरत होते.

"या. झाली का बाजाराची मर्जी?"

"कापडवाल्याले हो म्हना."

दत्तोपंतांचा अडकित्ता थांबला. मारोतराव दोन पायऱ्या चढले आणि परत खाली आले.

"गच्चीवर तिच्या डाळीच्या बड्या वाळून राहिल्या. कालच घातल्या. तेवढ्या वाळू द्या."

"हव," दत्तोपंत म्हणाले.