अलीकडचं पाणी, पलीकडचं पाणी

समज, एक घर आहे. डोळे मिटून समजायची गरज नाही, डोळे मिटलेस तर पुढचं वाचणार कोण? तर घर लांबट आहे, बैठं आहे, आणि त्याच्यावर कौलांचं उतरतं छप्पर आहे. उघडं पुस्तक जमिनीवर पालथं ठेवलंस की कसं दिसतं, तसं. पुस्तकाचं एक पान रस्त्याकडे उतरतं, दुसरं मागच्या आवाराकडे, आणि मधला कणा सगळ्यात उंच राहतो. छपराच्या या कण्याला आढं म्हणतात.

आता या घराच्या मधोमध एक भिंत घाल. रस्त्यापासून थेट आवारापर्यंत. घातलीस? मग आता एका घराची दोन घरं झाली. एक पाण्याच्या टाकीकडचं आणि एक शाळेकडचं.

टाकीकडच्या घरात भिंगरी राहायची, आईबाबांबरोबर. शाळेकडच्या घरात तिचा काका, काकू आणि त्यांचा मुलगा बोका. भिंगरी एका जागी बसत नसे म्हणून भिंगरी. बोका एका जागी बसला की उठत नसे म्हणून बोका.

मधली भिंत एका कपाटामुळे आली. कपाट कुठल्या खोलीत ठेवायचं यावर बाबा आणि काका यांचं जुंपलं, ते इतकं की घराच्या मध्ये भिंत घालायचं ठरलं. भिंत घालताना ते कपाट नेमकं वाटेत येऊ लागलं, म्हणून ते कुणालातरी देऊन टाकलं. कपाट गेलं, भिंत राहिली. तेव्हापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. म्हणजे बोलायचे, पण भिंगरीतर्फे.

"भिंगरे, तुझ्या काकाला सांग, सायकल माझ्या दारात लावू नकोस."

काका तिथेच हाताच्या अंतरावर सायकल पुसत असायचा.

"काका, बाबा म्हणतात, सायकल त्यांच्या दारात लावू नकोस."

"तुझ्या बाबांना सांग, ऐकू आलं."

"बाबा, काका म्हणतो, ऐकू आलं."

"मला पण ऐकू आलं," बाबा म्हणायचे आणि आत जायचे.

पण ज्या दिवशी भिंत बांधली त्या दिवशी रागाची उंची छताच्या फळ्यांपर्यंतच होती. फळ्यांच्या वर जो माळा होता, तो तसाच राहिला. टाकीकडच्या टोकापासून शाळेकडच्या टोकापर्यंत सलग, एकच. दोन्ही घरांतून माळ्यावर जायला एकेक शिडी होती. भिंगरी आपल्या शिडीने वर चढायची, बोका आपल्या शिडीने, आणि मधोमध, बरोबर भिंतीच्या डोक्यावर, त्यांचा तुटक्या खेळण्यांचा दवाखाना होता. तिथे एक चाक नसलेली मोटार भरती होती आणि एका अस्वलाचं कानाचं ऑपरेशन व्हायचं होतं. खाली दोघांनी एकमेकांशी खेळायचं नाही असा नियम होता. माळ्याबद्दल कुणी नियम केला नव्हता, कारण मोठ्या माणसांना वर पाहायची सवय नसते.

मग एका रात्री वादळ झालं. सकाळी मधल्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग उमटला होता. बाबांच्या बाजूनेही, काकाच्या बाजूनेही. दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहतच होते, आता खरंखुरं पाणीही आलं.

"काकाला सांग, त्याची कौलं सरकलीत. त्याचं पाणी माझ्या भिंतीवर येतंय."

"बाबांना सांग, पाणी त्यांचं आहे. भिंत माझी आहे."

असे निरोप दिवसभर गेले आणि आले. शेवटी बाबांनी एक घाव दोन तुकडे करून टाकले. "काकाला सांग, रविवारी गवंडी बोलावतो. भिंत वर माळ्यातून नेऊन थेट आढ्याला भिडवतो. मग ज्याचं पाणी त्याच्या घरात."

भिंगरी जागची हलली नाही. ती एका जागी उभी राहिलेली पाहून बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. भिंत आढ्याला भिडली की माळ्याचे दोन तुकडे. अस्वल एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे. हा निरोप वाटेतच कुठेतरी सांडून टाकावा असं तिला फार वाटलं. पण काका खिडकीतच उभा होता.

"तुझ्या बाबांना सांग," काका म्हणाला, "कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलले."

रविवारी गवंडी आला, विटा आल्या, आणि त्याच वेळी आत्याही आली. आत्या म्हणजे या दोघांची मोठी बहीण. लोकांच्या घरांवर ड्रोन उडवून छपरं तपासायची, हे तिचं काम. वादळ झालं की तिला जेवायलाही उसंत नसायची. ड्रोनला ती भुंगा म्हणायची, आणि लोक तिला भुंगेवाली.

"भिंत नंतर," आत्या म्हणाली. "आधी गळतंय कुठे ते बघू. कुठे गळतंय?"

"पलीकडे," बाबा म्हणाले.

"पलीकडे," काका म्हणाला.

"वा. इतकं एकमत या घरात मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं." आत्याने पेटीतून भुंगा काढला आणि आवारातल्या फरशीवर ठेवला. "भिंगरे, इकडे ये. तुला काम आहे. मी या पडद्याकडे बघणार. वर एकदाही बघणार नाही. तू वर बघायचंस. पडद्यावर कितीही गंमत दिसली तरी खाली बघायचं नाही. जमेल?"

"जमेल."

"आणि भुंगा कुठे आहे ते मला सांगत राहायचं. पण डावीकडे, उजवीकडे, अलीकडे, पलीकडे हे शब्द बंद. माझ्या कामात चालत नाहीत. का चालत नसतील?"

भिंगरीने विचार केला. मग ती भुंग्याकडे तोंड करून उभी राहिली, मग पाठ करून उभी राहिली, आणि दोन्ही वेळा तिने आपला उजवा हात वर केला.

"भुंगा फिरला की त्याचं डावं-उजवं पण फिरतं."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं पण."

"मग काय म्हणायचं?"

"टाकीकडे. शाळेकडे. रस्त्याकडे. आवाराकडे. ते फिरत नाहीत."

"झाली शिकवणी," आत्या म्हणाली आणि भुंगा उडाला.

तो गुणगुणत पन्हळीवरून वर गेला, कौलांच्या ओळींवरून सावकाश सरकू लागला. भिंगरीची मान मोडायची वेळ आली, पण नजर ढळली नाही.

"शाळेकडे तार आहे."

"किती लांब?"

"बोका आडवा झोपला तर मावेल."

"मग पुष्कळ लांब आहे."

"मी ऐकलं," बोका त्यांच्या दारातून म्हणाला.

"कावळा आलाय," भिंगरी म्हणाली.

"काय करतोय?"

"नुसता बघतोय."

"बघू दे. नुसते बघणारे खालीही दोन आहेत."

खालच्या दोघांपैकी एकाने विटांवर बोट फिरवलं, दुसऱ्याने सायकलवर.

भुंगा आढ्यावर पोचला आणि टाकीच्या टोकाकडून शाळेच्या टोकाकडे निघाला. मध्येच आत्याने त्याला थांबवलं. "भिंगरे, आता कुठे आहे?"

"आढ्यावर. मधोमध."

"सापडलं."

आत्याने भुंगा उतरवला, पडदा स्टुलावर आडवा ठेवला आणि दोन्ही भावांना बोलावलं. बाबा टाकीच्या बाजूने येऊन उभे राहिले, काका शाळेच्या बाजूने. आढ्यावरचं एक कौल फुटून घसरलं होतं आणि तिथे काळी फट दिसत होती.

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "बघ ताई. फुटलेलं कौल पलीकडच्या बाजूला आहे."

काकाने समोरून तिथेच बोट टेकवलं. "ताई, यात काय बघायचं? पलीकडेच आहे."

आत्याने पडदा अर्धा फिरवला.

बाबांनी वाकून पाहिलं. "आता पण पलीकडेच आहे," ते म्हणाले.

"मला पण तेच दिसतंय," काका म्हणाला. हे तो आत्याला म्हणाला, म्हणून ते बाबांशी बोलणं धरत नाहीत.

"भिंगरे," आत्या म्हणाली, "तू तर डोळ्यांनी बघितलंस. फट कुठे आहे? टाकीकडे की शाळेकडे?"

भिंगरीने दोघांकडे पाहिलं. टाकीकडे म्हटलं असतं तरी भिंत वर जाणार होती आणि शाळेकडे म्हटलं असतं तरी जाणार होती. त्यामुळे खरं सांगायला तिला काहीच अडचण नव्हती.

"भिंतीच्या डोक्यावर," ती म्हणाली. "तिथे पाणी पडतं आणि मग दोन्हीकडे ओघळतं."

हे ऐकून दोघेही थोडे नाराज झाले. इतकं सगळं करून कुणाचीच चूक निघाली नाही, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं.

"बरं," बाबा म्हणाले. "काकाला सांग, भिंत तरीही घालायचीच."

"बाबांना सांग, मी कुठे नाही म्हणतोय?"

गवंडी इतका वेळ विटांवर बसला होता. तो उठला. "ओल्या भिंतीवर नवी भिंत चढत नाही. आधी आढ्यावरचं कौल बसवतो, मग भिंत. पण कौलाखालची लाकडी रीप खचली असणार. ती आतून कुणीतरी उचलून धरायला लागेल. माझा मदतनीस आज आलेला नाही. दोन माणसं द्या."

आत्याने दोन माणसांकडे पाहिलं.

"मी सांगत नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्हीच ओळखा."

बाबा आपल्या शिडीने माळ्यावर गेले, काका आपल्या शिडीने. भिंगरी बाबांच्या मागून चढली, कारण वर निरोप कोण पोचवणार? माळ्यावर अंधूक होतं आणि मधल्या फटीतून उजेडाची एक पट्टी खाली पडली होती. चालता चालता दोघे भाऊ एकाच वेळी खाली वाकले. दोघांच्याही वाटेत एकेक तुळई आडवी होती. अंधारात ती दिसत नव्हती, पण दोघांच्या डोक्याला ती कुठे आहे ते पाठ होतं.

दवाखान्यापाशी येऊन दोघे थांबले. बाबांनी मोटार उचलून बाजूला ठेवली. काकाने अस्वल उचललं, त्याचा कान पाहिला आणि ते मोटारीशेजारी ठेवलं. मग बाबांनी टाकीकडून आणि काकाने शाळेकडून हात वर करून रीप उचलून धरली. मध्ये भिंगरी बसली, बरोबर भिंतीच्या डोक्यावर.

वर कौलांवर गवंड्याचे पाय वाजले. फटीतून त्याचं तोंड दिसलं. "रीप पार गेली आहे. खालून एक ठोकळा द्यावा लागेल. खाली जाऊन तासून आणतो. तोवर सोडू नका. सोडलीत तर पुढची कौलंही येतील, डोक्यावर." तोंड नाहीसं झालं.

दोघे हात वर करून उभे राहिले. समोरासमोर. बराच वेळ दोघांनीही रिपेकडेच पाहिलं, जणू तिच्यावर काही लिहिलं होतं.

"तुझ्या बाबांना सांग," काका म्हणाला, "त्यांची बाजू खाली जातेय."

"बाबा, काका म्हणतो..."

"काकाला सांग, माझी खाली जात नाहीये. त्याचीच वर जातेय."

"काका, बाबा म्हणतात..."

"मग जरा उजवीकडे सरकायला सांग त्यांना."

भिंगरीने नाही सांगितलं. "कुणाच्या उजवीकडे?" तिने विचारलं.

काकाने आपला उजवा हात कुठे आहे ते पाहिलं, मग समोरच्याचा पाहिला. समोरच्याचा पाहताना तोंडही दिसलं. बाबांच्या भुवईवर कौलांचा भुगा पडला होता आणि तो पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. काकाच्या नाकाला कोळिष्टक लागलं होतं आणि त्याचीही तीच गत होती.

"टाकीकडे," काका म्हणाला.

"तुझ्या काकाला सांग..." बाबांनी सुरुवात केली आणि ते शिंकले. सगळी रीप हलली.

"अरे, धर की नीट," काका म्हणाला.

हे त्याने भिंगरीला सांगितलं नव्हतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दोघांनीही मान वळवून भिंगरीकडे पाहिलं, पुढचा निरोप तिने न्यावा म्हणून.

भिंगरी उठली.

"कुठे चाललीस?" दोघांनी एकदमच विचारलं.

"खाली."

"आणि निरोप कोण सांगणार?" बाबा म्हणाले.

भिंगरीने तुळईखालून वाकून वाट काढली आणि शिडी उतरली. मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि कुणीतरी त्याला उत्तर दिलं, पण ती ऐकायला थांबली नाही. आवारात गवंडी फरशीवर बसून ठोकळा तासत होता. शेजारी आत्या भुंगा पुसत होती. ठोकळा जवळजवळ झाला होता, एकच बाजू राहिली होती.

भिंगरी गवंड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "बाबांचा आणि काकाचा निरोप आहे. सावकाश होऊ द्या म्हणाले. काही घाई नाही."