काचपट्टीवरची काटेरी पेशी

मी एक म्हातारी लाल रक्तपेशी आहे. काचपट्टीवर रंगवून ठेवलेली, अंगभर काटे असलेली. पण मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका! एके काळी मीही शर्टाच्या बटणासारखी गोल, गुळगुळीत होते.

एका सुताराच्या हाडातल्या मज्जेत माझा जन्म झाला. फुप्फुसांतून प्राणवायू उचलायचा आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. तो रंधा मारायचा तेव्हा माझी अशी धावपळ व्हायची की विचारू नका. त्याने घडवलेल्या दारांची लोक वाहवा करत. त्यात माझाही वाटा होता. छाती असती तर फुगवून सांगितलं असतं!

पण रोजच्या दारूने त्याचं यकृत पार खंगलं. त्यामुळे रक्तातली चरबी माझ्या अंगावर चढू लागली. मी ताठर झाले. रक्त गाळणाऱ्या प्लीहेच्या अरुंद वाटांतून जाताना माझे लचके तुटले आणि वेडेवाकडे काटे उरले. माझ्या कितीतरी बहिणी तिथेच संपल्या. सुताराला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा बायकोने त्याला धरून तपासणीला आणलं.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि मला पाहून नाक मुरडलं. "काच नीट वाळलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या. काच हळू वाळली तर चांगल्या पेशींनाही काटे येतात, म्हणून त्यांनी मला बाद ठरवलं. मला भारी राग आला. मी खोटी नव्हते! ताईंनी पुन्हा रक्त घेतलं, नवी काच लगेच वाळवली. तरीही तेच काटे! मग मला मानाने परत उचललं गेलं.

डॉक्टरांनी सुताराला सूक्ष्मदर्शकातून आम्हाला दाखवलं.

"यांना रंधा मारता येत नाही का हो?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. या गेल्या. दारू सुटली तर यकृत सावरेलही, नव्या पेशी गोल राहतील. नाही सुटली, तर तुम्ही वाचणार नाही. उपचार आम्ही करू, पण ठरवायचं तुम्ही."

"घरातल्या बाटल्या मी आजच फेकते," बायको म्हणाली.

"तू नको. मीच ओततो."

काही महिन्यांनी ताईंनी त्याची नवी काच माझ्याशेजारी ठेवली. तिच्यावर काटेरी पेशी थोड्याच होत्या. मग त्याच्या बायकोनेही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मला पाहिलं आणि ती नवऱ्याकडे वळली.

"हीच का ती? बरं झालं बाई! माझं नाही, निदान हिचं तरी ऐकलंत!"

मला धन्य वाटलं. पण मित्रांनो, तुमच्या पेशींवर असं काटेरी होऊन बोलायची वेळ आणू नका.