यादीत नसलेला जॉशुआ

१९७१ साली इस्रायलमधल्या डिमोना गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये एक अमेरिकन पाहुणा भाषणाला आला. महायुद्धात तो लिबरेटर या अवजड बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होता. त्याची तुकडी बंगालमधल्या एका तळावरून उडायची आणि रंगूनकडचे रेल्वेपूल पाडून परतायची. तो इंग्रजीत सांगत होता आणि शाळेत इंग्रजी शिकवणारी पाझित ते हिब्रूत करत होती.

पाझितचे वडील गर्शोन नवगावकर, महाराष्ट्रातून इथे स्थायिक झालेले ज्यू, तिसऱ्या रांगेत बसले होते. कापडगिरणीतली पाळी संपवून ते तसेच आले होते. महायुद्धाच्या काळात मुंबईहून नोकरीसाठी बंगालला जाऊन त्यांनी त्याच तळावर दोन वर्षं फिटरचं काम केलं होतं. गोळ्यांनी चाळण झालेल्या पंखांना पत्रे ठोकले होते.

शेवटी पाहुण्याने तुकडीतल्या मेलेल्यांची नावं वाचली. सगळा हॉल उभा राहिला, मग बसला. गर्शोन बसले नाहीत.

“एक नाव राहिलं,” ते इंग्रजीत म्हणाले. “जॉशुआ नवगावकर. माझा चुलतभाऊ. तुमचा पेट्रोलचा टँकर चालवायचा.”

“ही यादी सैनिकांची आहे,” पाहुणा नम्रपणे म्हणाला.

“शेव, अब्बा,” पाझित हळूच हिब्रूत म्हणाली. बसा, बाबा.

“नाही बसत. मी बोलतो ते हिब्रूत सांग. गाळू नकोस काही.” मग ते पाहुण्याकडे वळले. “विमानात तेल भरताना टँकरने पेट घेतला. विमानात बॉम्ब लादलेले, आत दहा माणसं. सगळे पळाले. जॉशुआ मात्र ड्रायव्हरच्या सीटवर चढला आणि जळता टँकर लांब शेतात घेऊन गेला. ती दहा माणसं वाचली. तळाच्या कागदावर काय लिहिलं? एक नेटिव्ह ड्रायव्हर मयत. नावसुद्धा नाही.”

पाझितने शब्द न् शब्द हिब्रूत सांगितला.

पाहुण्याने चष्मा काढला. “ती आग मी पाहिली होती,” तो म्हणाला. “ड्रायव्हर कोण, ते आम्ही विचारलंच नाही. पण ही यादी सरकारी आहे. मला ती बदलता येणार नाही.”

“कागद राहू दे. तोंडाने म्हणा.”

समारंभाचे आयोजक लगबगीने आले. “गर्शोन, पाहुण्याचा अपमान होतोय.”

“माझ्या भावाचा सत्तावीस वर्षं होतोय. तुम्ही बाजूला व्हा.”

पाहुणा माइकजवळ गेला. “जॉशुआ नॅवगॅकर.”

“नवगावकर.”

“नवगाकर.”

“गाव. नव-गाव-कर. कोकणात आमचं गाव आहे ते. पुन्हा.”

तिसऱ्या खेपेला पाहुण्याला ते नीट जमलं. लोक पुन्हा उभे राहिले, या वेळी कुणी न सांगता. गर्शोन तेव्हा कुठे खाली बसले. पाझित व्यासपीठावरून उतरली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

“मला कधी सांगितलं का नाही?” तिने विचारलं. पुष्कळ वर्षांनी ती वडिलांशी मराठीत बोलत होती.

“सांगत होतो गं. तू हिब्रूत हो हो म्हणायचीस.”

तेवढ्यात मागच्या रांगेतले म्हातारे आयझॅक काठी टेकत उठले. “अहो, माझा मामा त्याच तळावर हमाल होता. धावपट्टीवरच मेला. त्याचंही घ्या नाव.”

पाझितने ते इंग्रजीत सांगितलं, तसं पाहुण्याने खिशातून पेन काढलं आणि मामाचं नाव विचारलं.