शिंपिणीचं स्वतःचं माप

घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी रुग्णालयाच्या तळमजल्यावर चित्रवर्ग चाले. झोपेची गोळी देण्याआधी हे करून बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून शिंपीण तिथे येऊ लागली. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची झोप मोडली होती. मशीनवर बसलं की डोळ्यांतून उगाच पाणी यायचं, सुई दिसायची नाही. महिनाभर त्याला माझ्याकडे पाठव, असं नणंद सारखी म्हणे. शिंपीण दर वेळी नाही म्हणे.

त्या दिवशी वर्गातल्या बाईंनी प्रत्येकाला खाकी कागद दिला. "स्वतःला काढा. जमेल तसं. मार्क कोणी देणार नाहीये."

बाकीचे पेन्सिल चावत बसले. चित्रकला शिंपीण कधी शिकली नव्हती, पण कपडे बेतायचा खाकी कागद तिच्या रोजच्या हातातला. तिने खडू मागून घेतला आणि रेघा ओढल्या: खांदा, मुंढा, छाती, बाही. बघता बघता अख्खा माणूस उतरला.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर डोकावले. "बाई, तुम्ही एवढ्या धिप्पाड कधी झालात?"

तिने नीट पाहिलं. माप नवऱ्याचं होतं, झटक्याच्या आधीचं.

"पुन्हा काढते," म्हणत तिने कागद उलटला. खडू खांद्यावरच अडला. निम्म्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ होती. स्वतःचं माप तिने कधी घेतलंच नव्हतं. जुना कपडा समोर ठेवून नवा बेतायचा, एवढंच.

घरी, वर्गाच्या वेळेपुरती आलेली नणंद भावाला भरवून नुकतीच टेकली होती.

"वन्सं, जरा माझं माप घ्या."

"का गं, कुणाच्या लग्नाला निघालीस?" नणंदेने कमरेला टेप लावली. आकडा बघून परत लावली. "अगं, तू राहिलीस कुठे?"

"छाती घ्या."

"घेते. लोकांचे कपडे सैल करता करता स्वतःच आटलीस की!"

शिंपीण हसली नाही. "न्या त्यांना महिनाभर," ती म्हणाली. "मी थकलेय."

पलंगावरून जड जिभेने आवाज आला, "मला घालवतेस?"

"महिन्यापुरतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनाच बोलाव मग तुला उचलायला," नणंद म्हणाली.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने रागावू नये एवढंच शिंपिणीला हवं होतं. तेही झालं नाही. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

रविवारी नणंद त्याला गाडीतून घेऊन गेली. जाताना तो शिंपिणीशी बोलला नाही. तिने भांडी तशीच ठेवली, जमिनीवर कागद अंथरला आणि मापं बघत स्वतःला काढायला घेतलं. खांद्यापाशी आल्यावर आरशासमोर उभी राहिली. डावा खांदा उजव्याहून खाली आला होता. त्याच बाजूने ती नवऱ्याला उठवून बसवायची. गिऱ्हाइकाचा खांदा असा असला, तर कपड्यात आतून भर घालून ती तो सरळ दाखवायची. सवयीने हात रेघ वर न्यायला निघाला. तिने तो थांबवला, खांदा होता तिथेच काढला आणि चित्र अर्धवट ठेवून कागदाशेजारी आडवी झाली.