वळणावरचा ढीग

काकूंनी फांदीचा बुंधा काखेत धरला आणि मागे न बघता ओढायला सुरुवात केली. शेंड्याकडची बाजू शेजारच्या शिंपिणीच्या हातात होती. फांदी वाळून कडक झाली होती, पण भिंतीला खेटून माजलेल्या झुडपांत तिचे फाटे अडकले होते आणि ती काही केल्या हलत नव्हती. सुटली ती एकदम, आणि दोघी धडपडत फाटकाबाहेर आल्या.

"मेली, जाता जाताही ओरबाडून गेली," शिंपीण म्हणाली. तिच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली होती.

"बांधून घे जा. आणि येताना पाणी आण."

"तुम्ही एकट्या ओढू नका हं काकू. कंबर धरेल."

रस्त्यावर फांद्या भरडायचं यंत्र उभं होतं. वसाहतीत सगळे त्याला चक्की म्हणत. एका बाजूने फांदी घातली की दुसऱ्या बाजूने भुगा उडे, आणि भुगा झालेलं लाकूड मातीत पसरलं की निदान उभं पेट घेत नाही. डोंगरउतारावरच्या या घरांना वणवा काही नवा नव्हता, म्हणून दर उन्हाळ्याआधी घराभोवतीचं रान तोडून चक्कीत घालायचा रिवाज पडला होता. पूर्वी लोक आधीच फांद्या तोडून ढीग लावून ठेवायचे, बुंधे रस्त्याकडे आणि शेंडे घराकडे, म्हणजे यंत्रवाल्याला भराभर उचलता येत. यंदा ढीग लावायची कोणाची छाती नव्हती. तोडली फांदी की सरळ चक्कीच्या तोंडात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर पोळलं ते तोंडापुरतं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात वणवा आला तो चक्की यायच्या दिवशीच, पण चक्कीच्या आधी. काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. काकांनी गाडी काढली, शेजारच्या शिंपिणीच्या म्हाताऱ्या आईला पुढे बसवलं आणि उतार धरला. शिंपीण खाली बाजारातल्या दुकानात होती. रस्ता जिथे सगळ्यात अरुंद होतो त्या वळणावर वाळल्या फांद्यांचा एक भलामोठा ढीग होता. तो पेटला आणि रस्ता बंद झाला. मागे डोंगर पेटलेलाच होता. गाडीतलं कोणीच वाचलं नाही.

राखेवर काही नाव लिहिलेलं नसतं. ढीग कोणाचा, हे चौकशीत विचारलं गेलं तेव्हा वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी तिथे गोळा करायला सांगितलं होतं." अध्यक्ष म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ. त्या दिवसापासून काकूंनी या दिराचं तोंड पाहिलं नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला तर त्या आतून कडी लावून घेत.

आताही तो रस्त्यापलीकडे उभा होता, एकटाच. समोर हातमोज्यांचं खोकं होतं आणि त्यातले मोजे कोणी उचलले नव्हते. लोक काट्यांनी हात सोलून घेत होते, पण त्याच्या खोक्याकडे फिरकत नव्हते. काम संपलं की सगळे पाण्याच्या टाकीपाशी जमणार होते. त्याला समितीतून तर काढायचंच, पण घर विकून इथून जा, असंही तोंडावर सांगायचं ठरलं होतं. अडलं होतं ते काकूंच्या शब्दावर. त्यांनी हो म्हटलं की झालं.

यंत्रवाल्याने चक्की बंद केली. पात्यात काहीतरी अडकलं होतं. तो वाकून सालपटं उपसू लागला.

"मावशी, जरा दम खा," तो म्हणाला. "यंदा तुमचे ते काका दिसत नाहीत कुठे?"

"कोणते काका?"

"नाव नाही माहीत. गेल्या वर्षी मी आदल्या दिवशी रस्ता बघायला आलो होतो, गाडी वळेल की नाही ते. वळणावर एक गृहस्थ ढीग लावत होते. काय ढीग होता मावशी! बुंधे सगळे एका रेषेत, जाड खाली, बारीक वर. वर चढून पायाने दाबत होते. मी म्हटलं, काका, वळणावर नका ठेवू, इथे रस्ता चिंचोळा आहे. तर म्हणाले, बायको परवा येतेय, तिला अंगण मोकळं दिसायला हवं. जाताना ती रागावून गेलीय, मी काही आवरत नाही म्हणून."

काकूंनी बाहीला चिकटलेलं एक पान काढलं. मग दुसरं काढलं. खरंच त्या रागावून गेल्या होत्या. उंबऱ्याबाहेर पाय ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या की मी येईपर्यंत हे जंगल असंच राहिलं तर मी परत येणार नाही.

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्षांना सांगितलं ना. ते म्हणाले बघतो. पुढे ते असं झालं, आणि अध्यक्षांनी सगळं अंगावर घेतलं. मी म्हटलं, त्यांचं ते जाणोत." त्याने हात पुसले. "काकांना सांगा, आठवण काढली म्हणून. तसा ढीग लावणारा माणूस बघितला नाही मी परत."

"सांगते," काकू म्हणाल्या.

शिंपीण पाणी घेऊन आली. मनगटावर तिने चिंधी बांधली होती, शिंप्याच्या घरची, नीट दुमडलेली. काकूंनी पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. या पोरीने दुकानात आईच्या फोटोशेजारी काकांचा फोटो लावला होता. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगे की शेवटच्या क्षणी माझ्या आईला एकटं सोडलं नाही त्यांनी. वर्षभर या दोघी एकमेकींच्या आधाराने जेवल्या होत्या.

"टाकीपाशी बोलाल ना तुम्ही?" शिंपीण म्हणाली. "दोनच शब्द बोला. पुढचं आम्ही बघतो."

गप्प बसणं किती सोपं होतं. दीर स्वतःच बोलला नव्हता, यंत्रवाल्याला काही पडलेलं नव्हतं. काकूंनी पलीकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो किती वाळलाय ते त्यांना दिसलं.

"तो ढीग आमचा होता," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"वळणावरचा. ह्यांनी लावला होता. भावजींनी नाही."

"काहीतरीच काय. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय."

"भावासाठी केलं. मला आत्ता कळलं. माझ्या बोलण्यावरून लावला होता ह्यांनी."

शिंपीण हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं. तिने यंत्रवाल्याकडे बघितलं, तसं त्याने काहीतरी उमगून मान खाली घातली.

"आईने गाडीतून फोन केला होता मला," ती म्हणाली. "म्हणाली, काका आहेत बरोबर, तू काळजी करू नकोस."

तिने काकूंच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला, पाणी रस्त्यात ओतलं आणि ती घरी गेली. तिच्या फाटकाची कडी लागल्याचं सगळ्या रस्त्याला ऐकू आलं.

दीर रस्ता ओलांडून आला. फाटकापाशी थांबला, आत मात्र आला नाही.

"काय गरज होती वहिनी?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलणार? तिची आई होती गाडीत. दादा तर गेला, मग त्याच्या नावाने लोकांनी का शिव्या द्याव्यात." तो थांबला. "आणि अगदीच खोटं नाही ते. संध्याकाळी ढीग हलव म्हणून सांगायला गेलो होतो त्याला. तो इतका खूश होता. म्हटलं दिवसभर राबलाय, उद्या चक्की येतेच आहे. एका रात्रीत काय होतंय."

"दोघे भाऊ एका माळेचे मणी," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. वर्षभर त्या रागाच्या जिवावर उभ्या होत्या. आता राग धरायला कोणी उरलंच नव्हतं, उरल्या होत्या त्या स्वतः. दीर अवघडून उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याने पडलेल्या फांदीचं टोक उचललं, आणि मग काकूंनी डोळे पुसून बुंधा धरला.

दुपार कलली तशी काकूंच्या घराभोवतीची जमीन उघडी पडली. यंत्रवाल्याने चक्की पुढे घेतली आणि थांबवली.

"या घराचं फाटक बंद आहे," तो म्हणाला. "सोडून द्यायचं का?"

शिंपिणीच्या घराचं रान खिडक्यांपर्यंत चढलं होतं. तिच्या आईला झाडं फार आवडायची, म्हणून तिने वर्षभर एका पानाला हात लावला नव्हता. आज दोघी मिळून ते काढणार होत्या.

"नाही," काकू म्हणाल्या. "जेवढं बाहेर आलंय तेवढं काढू."

त्यांनी फाटक वाजवलं नाही. खिडकीचा पडदा हलला, मग स्थिर झाला. आतून कोणी आलं नाही. काकूंनी कुंपणावरून बाहेर झुकलेली पहिली फांदी दोन्ही हातांनी वाकवून धरली, आणि दिराने तिच्यावर करवत ठेवली.