मेमरीची पट्टी

माझा संगणक बिघडला की लेक यायची. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून. कपाळाला आठ्या घालून संगणकाचा डबा उघडायची, धूळ फुंकायची, तारा खोचायची आणि मग ‘आता आलेच आहे तर’ म्हणत जेवायला थांबायची. मी शिंपी. जन्मभर स्वतःचं मशीन स्वतः दुरुस्त केलं. या डब्यासाठी पोरीला वेठीला धरायची लाज वाटायला लागली.

म्हणून वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. तिथे सगळाच उलटा कारभार. मास्तर शिकवायचेच नाहीत. ज्याने त्याने आपलं काम ठरवायचं, यंत्र आपणच उघडायचं, चुकायचंही आपणच. काही विचारलं की हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "खोलून बघा." फुकटचा पगार खातो हा माणूस, असं मी वर्गात शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंना बोलूनही दाखवलं. पण सुईत दोरा ओवणारे हात माझे. हळूहळू घरचा डबा सुटा करून पुन्हा जोडायला शिकलो. निम्मी दुखणी एकाच जागची निघाली: मेमरीची पट्टी खाचेत सैल व्हायची. काढायची, पुसायची, दाबून बसवायची.

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा ऐटीत करून दाखवलं. मग तिला करायला लावलं आणि मी मास्तरांसारखा हात बांधून उभा राहिलो.

"सुटले बाई मी," ती म्हणाली.

मला वाटलं, आता दुरुस्तीत वेळ जाणार नाही, निवांत गप्पा होतील.

त्यानंतर ती आलीच नाही. फोन करते, तब्येत विचारते. तिच्यामागे हजार कामं, तिचं काही चुकत नाही. मीच हौसेनं पायावर धोंडा पाडून घेतला. एकट्याला जेवण जात नाही. संगणक मात्र ठणठणीत.

काल दुपारी तो बंद केला, डबा उघडला आणि पट्टी अंगठ्याने सैल केली. मग लेकीला फोन लावला. पडदा काळा झालाय म्हटलं, येऊन जातेस का?

ती हसली. "बाबा, पट्टी काढा, पुसा, दाबून बसवा. तुम्हीच तर शिकवलंत. करा तुम्ही, मी आहे फोनवर."

मी पट्टी काढली. मऊ फडक्याने पुसायला लागलो. पलीकडे तिच्या घरात भांडी वाजत होती, मधेच ती कुणाशी तरी बोलत होती. पट्टी केव्हाच लख्ख झाली होती.

"बसली का, बाबा?"

"थांब," मी म्हणालो. "अजून पुसतोय."