कस्तुरी बाहेर येते कशी?

कस्तुरी आमच्याकडे आली ती येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारातून. माझ्या सुनेचं, योगिनीचं, माहेर येवल्याचं. लहानपणी शाळा सुटली की ती बाजारात घोडे बघत उभी राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिने मनातलं बोलून दाखवलं. दिंडोरी रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे, तिच्या शेजारी माळाचा एक तुकडा नुसता पडून होता. तिथे घोडे ठेवायचे आणि नाशिकच्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं, असं तिच्या डोक्यात होतं. माझा मुलगा संतोष हो-नाही करत तयार झाला. आधी एक तट्टू आलं, मग योगिनीचा भाऊ अमोल ही तपकिरी घोडी टेम्पोत घालून घेऊन आला आणि आठवडाभर आमच्याकडेच राहिला.

घोडीच्या मागच्या पायांवर दोरीचे जुने वळ होते. चौथीत शिकणारी माझी नात सृष्टी ते वळ बघत बराच वेळ बसून राहिली. मग उठून सगळ्यांना म्हणाली, "हिला कोणी बांधायचं नाही."

तेव्हा कुंपण करायचं ठरलं. काटेरी तारेने घोड्याचं अंग फाटतं, म्हणून योगिनीने तार नको म्हटलं. संतोषने निलगिरीचे खांब पुरले आणि त्यांवर पॅकिंगच्या जाड फळ्या आडव्या ठोकल्या, सातपूरच्या कारखान्यांतून भंगारात येतात तसल्या. काम संपल्यावर त्याने एका फळीवर सणसणीत लाथ मारली. फळी जागची हलली नाही.

"लय मजबूत झालंय," तो म्हणाला.

अमोल पैठणी विणणाऱ्या घरातला. कुंपणाला लांबूनच न्याहाळत तो म्हणाला, "दाजी, आमच्याकडे असा वाकडा काठ विणला ना, तर गिऱ्हाईक साडी तोंडावर फेकतं."

"घोडी काय नेसणार हाय का ते?" संतोष म्हणाला.

"नेसली तरी सुटेल," माझी बायको लंकाबाई ओट्यावरून म्हणाली. "दिवाळीत किल्ला केला होतास, आठवतंय? चारी बाजूंनी तटबंदी केलीस, अन् दरवाजा ठेवायचा राहिला. मावळे बाहेर उभे."

"आई, तेव्हा मी दुसरीत होतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरी आमच्या विहिरीपाशी शांतपणे गवत खात उभी होती. कुंपणाची एक फळी खाली पडली होती. एखादा खिळा बसला नसेल म्हणून आम्ही हसलो आणि फळी पुन्हा ठोकली. त्यानंतर दोनच दिवसांत ती शेजारच्या रंगनाथरावांच्या बागेत सापडली.

"गुरुजी, तुम्हाला मी काय सांगायचं?" रंगनाथराव मला म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण चेहरा उतरलेला होता. "गोडी छाटणी झालीय. आता कोवळी फूट खाल्ली, तर यंदा घड कुठून येणार?"

मग आम्ही सगळेच कुंपण तपासायला गेलो. संतोषने लाथा मारल्या. अमोलने खांदा लावला. रंगनाथरावही चांगले धिप्पाड, त्यांनी पाठ टेकवून जोर केला. फळ्या हूं की चूं करेनात.

"हे तर आमच्यापेक्षा पक्कं हाय," रंगनाथराव चक्रावून म्हणाले.

"चोर येत असेल," लंकाबाई म्हणाली.

"फळी काढायची अन् घोडी सोडून जायचं? असला कसला चोर?" संतोष म्हणाला.

"मग घोडीच खिळे उपटत असेल," अमोल म्हणाला. "दाजी, तिला तुमच्या हाताखाली ठेवा. तुमच्यापेक्षा बरं काम करेल."

संतोष हसला, पण नीट हसला नाही. त्याने त्या फळ्यांना आणखी लांब खिळे मारले. मला काही सुचत नव्हतं. पडलेली फळी उचलून मी पाहिली होती. ती तुटली नव्हती आणि खिळेही सरळच्या सरळ होते. लाथ मारून न हलणारी फळी आपोआप अशी अलगद कशी निघते, हे माझ्या बुद्धीला पटेना.

रविवारी सकाळी कस्तुरी थेट रस्त्यावर गेली. दुधाच्या टँकरने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. संतोष तिला घेऊन परत आला.

"आता बास," तो म्हणाला. "तिच्यापायी एखादा मोटारसायकलवाला मरायचा. अमोल, परवा जाताना हिला टेम्पोत घाल. मंगळवारच्या बाजारात देऊन टाक."

त्याचं चुकत नव्हतं. सृष्टीने मात्र विचारलं, "पप्पा, ती बाहेर कशी येते ते शोधून काढलं तर?"

"मंगळवारच्या आत शोधलंस तर राहील. बास?"

सोमवारी शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट माझ्याकडे. आम्ही दोघं कुंपणाशी गेलो. मीही इतरांसारखा फळी ढकलून पाहिली. घट्ट होती.

"आबा, तुम्हाला तरी माहितीय का?"

"नाही गं, मलाही नाही माहीत. असं कर, तू घोडी हो. आत जा आणि ती दिवसभर काय काय करते, ते कर."

सृष्टी आत गेली. गवत खाल्ल्यासारखं केलं, शेपटी झटकली, तट्टाला हुसकावलं. मग म्हणाली, "आता तिला खाज येते." आणि फळीला पाठ लावून कस्तुरीसारखी अंग घासू लागली. पाय रोवून तिने आणखी जोर लावला, तेव्हा खिळा करकरला आणि खांब व फळी यांच्यामध्ये बोटभर फट पडली.

मी बाहेरून ढकललं. फट मिटली, फळी पुन्हा पहिल्यासारखी घट्ट. तिने आतून ढकललं, पुन्हा फट. आम्ही हे बऱ्याचदा केलं, आणि प्रत्येक वेळी मी जास्तच गोंधळलो. एकच फळी, एकच खिळा.

"आबा," सृष्टी म्हणाली, "तुम्ही ढकलता तेव्हा फळीच्या मागे खांब आहे. मी ढकलते तेव्हा मागे काहीच नाही."

मी आत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. सगळ्या फळ्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला ठोकलेल्या होत्या. आमच्या घरात आजवर जेवढी कुंपणं झाली, ती सगळी बागेत गुरं, शेळ्या, डुकरं शिरू नयेत म्हणून. जोर यायचा तो बाहेरून. कुणाला आत ठेवण्यासाठी आम्ही कधी कुंपण घातलंच नव्हतं. आणि येवल्याच्या बाजारात घोडे खुंटीला बांधलेले, त्यामुळे योगिनीला किंवा अमोलला तरी कसं सुचणार?

"पप्पांना सांगू?" तिने विचारलं.

"सांगू नकोस. त्यांनाही घोडी कर."

संतोष कुरकुरतच आत आला. "मी दहा वेळा लाथ मारून बघितलीय—"

"बाहेरून," सृष्टी म्हणाली. "आता पाठ लावा. खाज येतेय असं समजा."

"दाजी, जरा शेपूट पण हलवा," अमोल कुंपणावर हात टेकवून म्हणाला.

संतोषने चिडून जोर लावला. फळी निघाली आणि तिच्यासकट तो पाठीवर बाहेर पडला. संतोष उताणाच पडून आभाळाकडे बघत होता. मग त्याने मान वळवली, जवळच्या खांबाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा खांबाकडे पाहिलं.

"अरेच्चा," तो म्हणाला.

सगळ्यात आधी हसली ती योगिनी. मग आम्ही सगळेच. दिवेलागणीपर्यंत फळ्या काढून आतल्या अंगाला ठोकण्याचं काम चाललं. अमोल खिळे देत होता आणि प्रत्येक खिळ्याबरोबर एक टोमणाही.

मंगळवारी सकाळी सृष्टी सगळ्यांच्या आधी तिकडे पळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा कस्तुरी आतच होती. मागचा भाग फळीला लावून जोर करायची, थांबायची, मान वळवून बघायची, पुन्हा जोर करायची. तिचाही हिशोब लागत नसावा. फळी तसूभर सरकली नाही.

अमोलने टेम्पोचं फाळकं उघडून ठेवलं होतं. "मग दाजी, काय भरायचं?"

"तूच बस मागे," संतोष म्हणाला. "येवल्यात चांगला भाव येईल."

सृष्टी कस्तुरीच्या मानेला मिठी मारून उभी होती. टेम्पो रिकामाच गेला. आम्ही घराकडे निघालो, पण संतोष बागेच्या कडेला रेंगाळला. आमच्या जुन्या, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कुंपणाकडे तो संशयाने पाहत होता.

"आबा, हे तरी बरोबर हाय ना?"

"ढकलून बघ की."

तो पुढे झाला, हात उचलला आणि तसाच थांबला.

"कुठून ढकलू?" त्याने विचारलं.